परवान्याच्या कागदावर उभी राहिलेली घराणी: ब्रिटनमधील कौटुंबिक बस कंपन्यांचा इतिहास

ब्रिटनमधील एखाद्या जुन्या कौटुंबिक बस कंपनीचा इतिहास वाचायला घेतला, की बहुतेक वेळा तो गाड्यांचा इतिहास निघतो. पहिली गाडी कोणत्या साली घेतली, ती कोणत्या कारखान्याची होती, तिचा रंग कोणता होता आणि शेवटी ती कोणाला विकली, याच्या नोंदी त्यात असतात. ही माहिती मोलाची आहे आणि ती जपणाऱ्या हौशी अभ्यासकांचे आपण ऋणी असायला हवे. पण एवढ्यावरून एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. एकाच सुमारास, एकाच परिसरात, सारख्याच गाड्या घेऊन धंद्यात उतरलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाची कंपनी तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत टिकते आणि दुसऱ्याची काही वर्षांतच शेजारच्या मोठ्या कंपनीत विरून जाते, असे का होते? कष्ट, नशीब आणि माणसांचे स्वभाव यांचा त्यात वाटा असतोच. तरीही या इतिहासाचा कणा कायदा हाच आहे, असे माझे मत आहे. बस चालवण्याची परवानगी कोण देतो, कोणत्या अटींवर देतो आणि ती दुसऱ्याच्या नावावर होऊ शकते की नाही, या गोष्टी बदलल्या की कुटुंबाच्या मालकीचे नेमके काय आहे, हेच बदलून जाते.

बाजाराचा दिवस आणि युद्धातून आलेल्या लॉऱ्या

मोटारी येण्याआधी ग्रामीण इंग्लंडमध्ये गावोगाव एक वाहतूकदार असे. बाजाराच्या दिवशी तो आपल्या घोडागाडीतून माणसे, अंडी, लोणी, कोंबड्या आणि निरोप घेऊन जवळच्या बाजारगावी जाई, लोकांनी सांगितलेली खरेदी करी आणि संध्याकाळी परत येई. पुढे बस कंपन्या काढणाऱ्या कितीतरी कुटुंबांची मुळे या धंद्यात सापडतात. लिंकनशायर परगण्यातील बोर्न या गावची डिलेन कंपनी आपला प्रारंभ १८९० सालच्या घोडागाड्यांपासून मोजते आणि आजही ती त्याच घराण्याकडे आहे. काही कुटुंबे लोहारकामातून, सायकलदुरुस्तीतून किंवा कोळशाच्या व्यापारातून या धंद्यात आली. नॉटिंगहॅमजवळ थॉमस हेन्री बार्टन यांनी १९०८ साली लाँग ईटन ते नॉटिंगहॅम अशी मोटार चालवायला घेतली, ती तिथे दर शरद ऋतूत भरणाऱ्या 'गूज फेअर' या प्रसिद्ध जत्रेचे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून. त्यातून उभी राहिलेली बार्टन ट्रान्सपोर्ट पुढे देशातील सर्वांत मोठ्या स्वतंत्र बस कंपन्यांपैकी एक झाली.

मात्र खरी गर्दी झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९१८ साली युद्ध थांबले तेव्हा सरकारकडे हजारो लष्करी लॉऱ्या पडून होत्या आणि त्या स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. सैन्यात मोटार चालवायला आणि दुरुस्त करायला शिकलेले तरुण हातात थोडीशी सेवामुक्तीची रक्कम घेऊन घरी परतले होते. गाडी आणि चालक दोन्ही एकाच वेळी मोकळे झाल्यावर त्यांची गाठ पडणे स्वाभाविकच होते. त्या काळच्या गाडीची रचनाही या माणसांच्या सोयीची होती. इंजिन, चाके आणि लोखंडी सांगाडा मिळून झालेली चेसिस हा एक भाग आणि तिच्यावर बसवलेली बॉडी हा दुसरा भाग. सोमवार ते शुक्रवार चेसिसवर मालाचा हौदा असे, त्यातून कोळसा, विटा किंवा भाजीपाला जाई. शनिवारी दोन-चार माणसे मिळून, कप्पी लावून तो हौदा उतरवत आणि आडव्या बाकांच्या ओळी असलेली, वरून उघडी, गुंडाळता येणाऱ्या कापडी टपाची बॉडी चढवत. या गाडीला 'शाराबँक' म्हणत. रविवारी तीच गाडी लोकांना समुद्रकिनारी घेऊन जाई. भरीव रबराची टायरे, ताशी १२ मैलांची कायदेशीर वेगमर्यादा आणि पावसाची धास्ती असूनही लोक आनंदाने जात, कारण गिरणीत आणि खाणीत राबणाऱ्या अनेकांसाठी आपल्या गावाबाहेरचे जग पाहण्याची ती पहिलीच संधी होती.

या टप्प्यावर कुटुंबाच्या मालकीचे काय होते? एक-दोन गाड्या, एक शेड आणि घरातली माणसे. थोरला मुलगा गाडी चालवी, धाकटा तिकिटे फाडी, मुलगी आरक्षणाची वही सांभाळी आणि घरची बाई हिशेब पाही. पगाराचा खर्च जवळजवळ नव्हताच, म्हणून तोट्याचा हिवाळाही निभावता येई. काही शहरांत नगरपालिकेचा परवाना लागे, पण त्याचा अंमल ठिकठिकाणी वेगळा आणि पुष्कळदा ढिला होता. परिणामी एकाच रस्त्यावर चार-चार गाड्या धावत, प्रतिस्पर्ध्याच्या दोन मिनिटे आधी थांब्यावर पोहोचण्यासाठी शर्यती लागत आणि अपघात होत. स्कॉटलंडमधील एअरशायर भागात यावर काही मालकांनी वेगळा मार्ग काढला. आपापल्या गाड्यांची मालकी सोडायची नाही, पण नाव, रंग आणि वेळापत्रक एकच ठेवायचे, असे ठरवून १९२६ साली त्यांनी 'ए-१ सर्व्हिस' हा संघ उभा केला. बाहेरून पाहणाऱ्याला ती एकच कंपनी वाटे. प्रत्यक्षात प्रत्येक गाडीमागे वेगळे घर होते.

१९३० चा कायदा: हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा

१९३० सालच्या रस्ता वाहतूक कायद्याने हा गोंधळ संपवला. देशाचे वाहतूक विभाग पाडण्यात आले आणि प्रत्येक विभागावर वाहतूक आयुक्त नेमण्यात आले. तेव्हापासून गाडी चांगल्या स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र लागू लागले, चालक आणि वाहक यांना स्वतंत्र परवाने लागू लागले, चालकाने सलग किती तास काम करावे यावर मर्यादा आली. हे सारे सुरक्षिततेसाठी होते आणि ते आवश्यकच होते. पण कुटुंबांचे भवितव्य ठरवणारी तरतूद दुसरीच होती. ती म्हणजे मार्गाचा परवाना.

कायद्याने प्रवासी वाहतुकीचे तीन प्रकार केले. थांब्याथांब्याला माणसे घेत, प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेत जाणारी ती टप्पा वाहतूक. तशीच, पण किमान १ शिलिंग भाड्याची, म्हणजे त्या काळाच्या मानाने लांबची, ती जलद वाहतूक. आणि एखाद्या मंडळाने, शाळेने किंवा कारखान्याने संपूर्ण गाडी भाड्याने घेतली, तर ती कंत्राटी वाहतूक. भारतीय मोटार वाहन कायद्यातील टप्पा आणि कंत्राटी हे भेदही याच वळणाचे असल्याने मराठी वाचकाला ते परके वाटू नयेत. यांपैकी पहिल्या दोन प्रकारांसाठी त्या विशिष्ट मार्गाचा परवाना काढावा लागे. कंत्राटी वाहतुकीसाठी तो लागत नसे, मात्र तिची सर्वसामान्य लोकांत जाहिरात करायला आणि माणशी वेगळे भाडे घ्यायला मनाई होती.

मार्गाचा परवाना मिळवायचा तर आयुक्तांपुढे सुनावणी होई आणि त्या सुनावणीत त्या भागातील इतर बसमालक, नगरपालिका आणि रेल्वे कंपन्या हरकत घेऊ शकत. 'या मार्गावर आमची सेवा आहे, ती पुरेशी आहे, नव्या गाडीची गरज नाही,' एवढे पटवून दिले की नवा अर्ज बहुधा बारगळे. आधीपासून सेवा चालवणाऱ्याचे पारडे जड असे. त्यामुळे जुनी वेळापत्रके, वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि भाड्याच्या पावत्या यांना एकाएकी पुराव्याचे मोल आले आणि ज्या घरी असले कागद नीट ठेवलेले होते, त्या घराची बाजू भक्कम झाली.

परवाना मिळाल्यावरही मालकाला मोकळीक नसे. भाडे किती, गाड्या किती वाजता, कुठे माणूस चढवायचा आणि कुठे उतरवायचा, हे परवान्याच्या अटींत लिहिलेले असे. समजा, गावाकडून येणारी बस शहराच्या हद्दीत शिरली आहे. हद्दीतल्या थांब्यावर ती गावाकडचा प्रवासी उतरवू शकते, पण तिथून शहराच्या मध्यभागी जाऊ पाहणाऱ्याला चढवू शकत नाही, कारण तो प्रवासी नगरपालिकेच्या बसचा. अर्ध्या रिकाम्या गाडीने भर पावसात उभ्या असलेल्या माणसासमोरून निघून जावे, असा प्रसंग या अटीमुळे येई. सहलींचे परवाने तर आणखी बारकाईने लिहिलेले असत. कोणत्या गावातून निघायचे, कोणकोणत्या ठिकाणी जायचे आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती गाड्या सोडायच्या, हे सगळे ठरलेले असे.

इथेच कुटुंबाच्या संपत्तीचे स्वरूप पालटले. नवा परवाना मिळणे अवघड, म्हणून जुन्या परवान्याला किंमत आली. परवाना रीतसर हस्तांतरित होत नसे. विकणारा तो सोडून देई आणि घेणारा त्याच मार्गासाठी नवा अर्ज करी, पण दोघे मिळून आयुक्तांसमोर आले की अर्ज सहसा मंजूर होई. त्यामुळे व्यवहारात कंपनी विकली जाताना गाड्यांचे मोल एका बाजूला आणि परवान्यांसाठी दिलेली 'पत' म्हणून धरलेली रक्कम दुसऱ्या बाजूला, असा हिशेब होऊ लागला; आणि पुष्कळदा दुसरी रक्कम पहिलीपेक्षा मोठी असे. लीड्समध्ये रॉबर्ट बार यांनी वाढवलेल्या वॉलेस अर्नोल्ड या सहल कंपनीने यॉर्कशायरमधील अनेक छोटे मालक विकत घेतले, ते मुख्यतः त्यांच्या गावातून सहली सोडण्याचा हक्क मिळावा म्हणून. विकत घेतलेल्या जुन्या गाड्या पुष्कळदा लगेच मोडीत निघत.

या व्यवस्थेवर टीका पुष्कळ झाली आहे आणि तिने स्पर्धा गोठवली हे खरेच आहे. पण तिने छोट्या कुटुंबांनाही कवच दिले, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. १९२८ च्या कायद्यांनी मोठ्या रेल्वे कंपन्यांना बस कंपन्यांमध्ये पैसा गुंतवण्याची मुभा मिळाली होती आणि टिलिंग व ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन या दोन बलाढ्य समूहांमागे त्यांचे भांडवल उभे राहिले होते. खुल्या स्पर्धेत असा समूह एखाद्या गावच्या मालकाच्या पुढे-मागे आपल्या गाड्या लावून, भाडे उतरवून त्याला सहा महिन्यांत संपवू शकला असता. १९३० नंतर ते करता येईना. मोठ्या कंपनीला तो मार्ग हवा असेल, तर कुटुंबाशी बोलणी करून किंमत मोजावी लागे. आणि कुटुंब नाही म्हणाले, तर तिथेच विषय संपे.

मालकाचा मृत्यू

कुटुंब नाही म्हणे, पण मृत्यू आणि वारसाकर यांच्यापुढे त्याचे फारसे चालत नसे. संस्थापक गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर इस्टेट ड्यूटी हा कर बसे. कंपनीची किंमत कागदावर मोठी दिसे, कारण तिच्यात परवान्यांची पत धरलेली असे. हातात रोकड मात्र थोडी, कारण पैसा गाड्यांत आणि गॅरेजात अडकलेला. कर भरायला काहीतरी विकणे भाग पडे आणि विकण्याजोगे, ताबडतोब गिऱ्हाईक मिळण्याजोगे जे काही असे, ते म्हणजे चांगल्या मार्गाचे परवाने. त्यात भावंडांत वाटणीचा वाद असला, तर विक्री आणखी लवकर होई. ज्या कुटुंबांनी वेळीच कंपनी नोंदवून मुलांच्या नावे समभाग करून ठेवले, ती तगली. १९७६ पासून कौटुंबिक व्यवसायांना वारसाकरात सवलत मिळू लागली, तोवर अनेक नावे इतिहासजमा झाली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षे या धंद्याच्या भरभराटीची होती. १९३८ च्या कायद्याने पगारी सुट्टीचा पाया घातला होता, खासगी मोटारी थोड्या होत्या आणि पेट्रोलचे रेशनिंग १९५० पर्यंत चालू होते, त्यामुळे सहलीला जायचे तर बसनेच जावे लागे. छोट्या मालकांची आवडती गाडी म्हणजे बेडफर्ड ओबी. २९ जणांची, गोलसर नाकाची ही गाडी किमतीला परवडे आणि गावच्या गॅरेजात दुरुस्त होई. पण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून घरोघरी दूरचित्रवाणी आणि दारोदारी मोटारी येऊ लागल्या, आणि संध्याकाळच्या चित्रपटाच्या शेवटच्या बसला गर्दी उरली नाही. ग्रामीण मार्गांचा तोटा तेव्हापासून वाढत गेला.

राष्ट्रीयीकरणाच्या शेजारी

१९४७ च्या वाहतूक कायद्यानंतर टिलिंग समूहाने आपला बस व्यवसाय १९४८ मध्ये सरकारी आयोगाला विकला. छोट्या मालकांनाही सामावून घेणाऱ्या प्रादेशिक योजना आखल्या जात होत्या आणि ईशान्य इंग्लंडमधील कुटुंबांनी त्यांना कडवा विरोध केला. १९५१ मध्ये सरकार बदलले आणि त्या योजना मागे पडल्या. पुढे १९६८ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९६९ रोजी नॅशनल बस कंपनी अस्तित्वात आली आणि इंग्लंड-वेल्समधील बहुतेक मोठ्या कंपन्या तिच्या छत्राखाली गेल्या. कौटुंबिक कंपन्या बाहेरच राहिल्या.

याच कायद्यातील एका तरतुदीने त्यांना अनपेक्षित हात दिला. नव्या बसच्या किमतीचा चौथा हिस्सा, आणि पुढे तर निम्मा हिस्सा, सरकार अनुदान म्हणून देऊ लागले. अट अशी, की गाडी वाहकाशिवाय, एकट्या चालकाने चालवण्याजोगी असावी आणि तिचा किमान निम्मा वापर टप्पा वाहतुकीसाठी व्हावा. बार्टनने या अटीचा नीट अभ्यास केला. स्कारबरोच्या प्लॅक्स्टन कारखान्याकडून त्यांनी आरामदायी सहल-गाड्याच मागवल्या, फक्त त्यांना अरुंद दाराऐवजी रुंद, दुमडणारे दार आणि चालकापाशी तिकीटयंत्राची सोय करून घेतली. ती गाडी आठवडाभर नॉटिंगहॅमच्या मार्गांवर धावे आणि सुट्टीच्या दिवशी समुद्रकिनारी जाई. बघता बघता कंपनीचा जवळजवळ सारा ताफा अशा गाड्यांचा झाला. ज्या कंपनीने १९३० सालीच एका जुन्या लान्सिया गाडीत गार्डनर कंपनीचे बोटीसाठी बनवलेले डिझेल इंजिन बसवून पाहिले होते, तिला हे सुचावे यात नवल नाही.

कायदा सोसूनही या कंपन्या कशा जगतात, हे समजायचे तर एका गाडीचा एक दिवस पाहावा. सकाळी शाळेची फेरी. ती आटोपली की तीच गाडी मुलांना जलतरण तलावावर नेते किंवा खेड्यांतून वृद्धांना बाजारगावी आणते. दुपारी पुन्हा शाळा. संध्याकाळी एखाद्या क्लबची सहल. गाडीचा हप्ता, विमा आणि कर हे खर्च ती उभी असली तरी होतच असतात, म्हणून प्रत्येक जास्तीचे काम थोड्या पैशांतही परवडते. गाडीचे आयुष्यही असेच उतरत्या क्रमाने वापरले जाते. नवी असताना लांबच्या सहली, पाच-सात वर्षांनी जवळच्या सहली आणि म्हातारपणी शाळेची फेरी. मोठ्या कंपनीला हा जुगाड जमत नाही, कारण तिथे प्रत्येक कामाचा विभाग वेगळा असतो. इथे मालक स्वतः फोन घेतो आणि कोणता चालक कोणत्या रस्त्याला सरावलेला आहे, हे त्याला तोंडपाठ असते.

कवच निघाले

१९८० च्या कायद्याने ३० मैलांहून अधिक अंतराच्या जलद बससेवा ६ ऑक्टोबर १९८० पासून खुल्या केल्या. वॉलेस अर्नोल्ड, बार्टन, ग्रे-ग्रीन अशा काही स्वतंत्र कंपन्यांनी मिळून ब्रिटिश कोचवेज नावाने सरकारी नॅशनल एक्स्प्रेसशी सामना मांडला. गाड्या चांगल्या होत्या, भाडे कमी होते; पण शहरांच्या मध्यवर्ती स्थानकांत जागा आणि देशभरातली तिकीटखिडक्या प्रतिस्पर्ध्याकडे होत्या. दोन-तीन वर्षांतच तो प्रयत्न संपला.

१९८५ चा कायदा याहून खोलवर गेला. २६ ऑक्टोबर १९८६ या दिवशी लंडन वगळता संपूर्ण ग्रेट ब्रिटनमध्ये मार्गाचा परवाना ही गोष्टच रद्द झाली. सुरक्षिततेच्या अटी पाळणारा कोणीही ४२ दिवसांची सूचना देऊन कुठलाही मार्ग सुरू करू शकत होता आणि तितकीच सूचना देऊन बंद करू शकत होता. ज्या कागदासाठी आजोबांनी आयुक्तांसमोर वकील उभे केले, ज्याची किंमत धरून वाटण्या झाल्या, त्याचे बाजारमूल्य त्या दिवशी शून्य झाले. मला हा या संपूर्ण इतिहासातील सर्वांत कठोर क्षण वाटतो, कारण सुधारणेची चर्चा तिकीटदर आणि अनुदाने यांभोवती फिरत राहिली. घराण्यांच्या हातून काय गेले, याची दखल क्वचितच घेतली गेली.

तोटा सगळ्यांचा झाला नाही. स्थानिक परिषदा आता तोट्याचे मार्ग, रविवारच्या फेऱ्या आणि शालेय वाहतूक निविदा काढून देऊ लागल्या आणि व्यवस्थापनाचा खर्च कमी असलेल्या कुटुंबांनी त्यांतल्या पुष्कळ मिळवल्या. शिवाय एका कुटुंबाने तर इतिहासच फिरवला. स्कॉटलंडमधील पर्थ येथे १९८० साली ब्रायन साऊटर आणि अ‍ॅन ग्लोग या बसचालकाच्या मुलांनी सुरू केलेली स्टेजकोच ही कंपनी खासगीकरणात विकायला निघालेल्या सरकारी कंपन्या घेत घेत देशातील अग्रगण्य समूह बनली. पण मुख्य प्रवाह उलट दिशेचा होता. बार्टनचा बस व्यवसाय १९८९ मध्ये शेजारच्या ट्रेंट कंपनीच्या मालकांकडे गेला. बिशप ऑकलंडची ओके मोटर सर्व्हिसेस आणि एअरशायरचा ए-१ संघ हे दोन्ही १९९५ मध्ये मोठ्या समूहांत विलीन झाले; ए-१ मधल्या घरांनी तर जवळजवळ सत्तर वर्षे एका रंगाखाली गाड्या चालवल्या होत्या.

ज्या कंपन्या उरल्या, त्यांचे उत्पन्न आता प्रवाशाच्या खिशापेक्षा सरकारी नियमांवर अधिक अवलंबून आहे. १ एप्रिल २००८ पासून इंग्लंडमध्ये वृद्ध आणि अपंग प्रवाशांना गर्दीच्या वेळा सोडून स्थानिक बसमधून देशभर मोफत प्रवास मिळतो. त्याची भरपाई कंपनीला मिळते, पण पूर्ण तिकिटाइतकी नाही. योजना नसती तर कंपनीची जी स्थिती असती, तीच राहावी, असे तत्त्व आहे. मोफत नसते तर यांतले काही जण आलेच नसते, असे धरून रक्कम कापली जाते. खेड्यातील मार्गावर दुपारच्या फेरीला बसलेले बहुतेक प्रवासी पासधारक असतात, त्यामुळे ही कपात कशी मोजली जाते यावर तो मार्ग राहणार की जाणार हे ठरते.

अलीकडे चाक पुन्हा फिरते आहे. २०१७ च्या कायद्याने महापौर असलेल्या महानगर प्रदेशांना मार्ग आणि भाडे स्वतः ठरवून केवळ चालवण्याचे कंत्राट देण्याचा अधिकार दिला. ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने ही पद्धत स्वीकारली आणि छोट्या चालकांसाठी लहान कंत्राटे, मुख्यतः शालेय मार्गांची, वेगळी ठेवली. अशा ठिकाणी गाडीवरचा रंग आणि नाव महानगराचे असते, तिकिटाचे पैसे महानगराकडे जातात आणि कंपनीला ठरलेला मोबदला मिळतो. म्हणून आज कोणी कौटुंबिक बस कंपनी विकत घ्यायला निघाला, तर तो सर्वांत आधी विचारतो, की शाळांच्या कंत्राटांची मुदत किती उरली आहे, गाड्या उभ्या करायला मोक्याची जागा स्वतःच्या मालकीची आहे का, आणि असलेले चालक मालक बदलल्यावर राहणार आहेत का.